एलादिओमामांचा खिळा

५ मार्च १९६७, रविवार

आज वाद्यवृंदाची तालीम अर्ध्यावर थांबली. मी तिथे नव्हते. तळघरातल्या तालमीला बायकांनी जाण्याची आमच्याकडे रीत नाही. पण मामा दुपारी तीनलाच परत आले, तेव्हा आईने शिवणयंत्राचे चाक हाताने थांबवले आणि काहीही न विचारता कॉफी चढवली.

मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे हिवाळ्यापासून सरळ होत नाहीत. रादामेस किलेस यांच्या आठ जणांच्या वाद्यवृंदात मामा एकोणीस वर्षे कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचे उंच ढोल, वाजवत आले आहेत. रादामेस स्वतः पियानो वाजवतात आणि सहसा कुणाला दुखवत नाहीत. आज मात्र ते सर्वांसमोर बोलले. दहा जूनला नव्या तबकडीचे ध्वनिमुद्रण आहे. तोवर बोटे सुधारली नाहीत, तर कोंगाच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसेल.

"बसू दे की," आई म्हणाली. "चौसष्ट वर्षांचा झालास. तिकडं मायदेशी मातान्सासच्या बंदरातल्या धक्क्यावर बडवलंस, इथं न्यूयॉर्कात येऊन बडवलंस. त्या कातड्यालासुद्धा जरा विश्रांती दे."

"खुर्ची घराबाहेर जाणार नाही, ओफेलिया."

"घरात आहे कोण? मी? शिवणयंत्र घेऊन बसू तिथं?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. आईनेही पाहिले, आणि तिचे हसू मावळले.

मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून मामा मला शिकवतात: खिडक्या लावून, कोंगावर घडी केलेला टॉवेल ठेवून. आज मी तेवीस वर्षांची आहे आणि ही गोष्ट आम्हा तिघांखेरीज कुणालाही ठाऊक नाही. ग्रंथालयात एखाद्याने पुस्तक उशिरा आणले, तर ते त्याला सांगतानाही माझी जीभ अडखळते. पण आज मामांनी पाहिले, आणि मला ती खुर्ची हवी आहे हे मला प्रथमच स्वच्छ कळले. इतके स्वच्छ, की भीती वाटली.

९ मार्च, गुरुवार

टॉवेल काढला! आई दोन खोल्या ओलांडून आली आणि म्हणाली, "शेजारची दोन्या फेलिसिता विचारेल, तेव्हा काय सांगू?" मामा म्हणाले, "सांग, पोरीचं लग्न ठरलंय. तीन ढोलांशी."

वादन संपल्यावर ते मला म्हणाले, "तू वाजवत नाहीस. तू वाचतेस."

हे कदाचित खरे असेल. दोन वर्षांपासून मी मामांचे ठेके एका वहीत टिपते आहे. ओळीत सोळा चौकोन. मोकळ्या थापेला वर्तुळ, दाबलेल्या थापेला ठिपका, चापटीला फुली. कानाने फसगत होते, म्हणून मी त्यांच्या हातांकडे पाहून लिहिते. मामांनी याला कधी मनापासून संमती दिली नाही. एकच अट घातली: वही या घराबाहेर जाता कामा नये.

१४ मार्च, मंगळवार

आज ग्रंथालयात प्रोफेसर ऑल्ड्रिच आले होते. विद्यापीठात संगीत शिकवतात. आमच्या लोकांच्या तालवाद्यांवर काही छापील मिळते का, असे त्यांनी विचारले. मी कपाटे धुंडाळली, काहीच नव्हते. ते इतके निराश झाले, की माझ्या तोंडून वहीचा उल्लेख निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन मी ती घेऊन आले. त्यांनी उभ्याउभ्याच बारा पाने पाहिली. मग चष्मा काढला.

"मिस बेतांकुर, हा दस्तऐवज आहे."

आजवर माझ्या कुठल्याही कामाला कुणी असा शब्द वापरला नव्हता. वही दोन दिवसांसाठी त्यांच्याकडे दिली आहे. ज्या माणसाला ग्रंथाची किंमत कळते त्याच्याकडे ग्रंथ गेला, तर तो घराबाहेर गेला असे मी मानत नाही.

१६ मार्च, गुरुवार

वही परत आली. एकही पान दुमडलेले नाही.

२ एप्रिल, रविवार

थंडी सरल्यापासून पार्कात पुन्हा ढोल वाजवणाऱ्यांचे कोंडाळे जमू लागले आहे. मामा दर रविवारप्रमाणे ऐकायला गेले होते. परतले आणि जेवायला बसले, पण मलांगा कंदाच्या सूपला त्यांनी हातही लावला नाही.

"एक सोनेरी केसांचा पोरगा आला होता," ते म्हणाले. "कॉलेजातला दिसला. हात चांगला आहे त्याचा."

"मग तोंड का असं?" आईने विचारले.

"माझ्या बापाचा पाळण्याचा ठेका वाजवत होता. डाव्या अंगठ्यासकट."

आई म्हणाली, "तुझ्याकडूनच उचलला असेल. एकोणीस वर्षं चारचौघांत वाजवतोयस."

"पाळण्याचा ठेका मी कधीच चारचौघांत वाजवला नाही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "पोरी, वही कुठंय तुझी?"

"पेटीत आहे, मामा."

"कुणी बघितली?"

"कुणीच नाही."

वही खरोखर पेटीतच होती. आणि मामांना ज्या अर्थाने "कुणी" म्हणायचे होते, त्या अर्थाने ती कुणीही पाहिलेली नव्हती. प्रोफेसर तिच्यातला एकही ठेका वाजवू शकत नाहीत. त्यांनीच मला तसे हसत सांगितले होते.

९ एप्रिल, रविवार

मामा किती बदलले आहेत! रादामेस यांच्या नव्या तबकडीत "खारा वारा" नावाची रचना आहे. तिच्या मध्यावर सगळी वाद्ये थांबतात आणि आठ आवर्तने एकट्या कोंगाची असतात. ही आठ आवर्तने मामांच्या वडिलांनी मातान्सासच्या धक्क्यावर बांधलेली आहेत. ज्याला ती येतील तो खुर्चीवर बसेल, असे मामा म्हणतात. आज ती त्यांनी मला शिकवायला घेतली.

आणि आजवर वहीकडे तिरक्या नजरेने पाहणारे मामा स्वतःहून म्हणाले, "लिहून घे. नीट लिही. घाई नको."

इतका संयम मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. एकेक थाप त्यांनी चार-चारदा दाखवली. सहाव्या आवर्तनात ठेका किंचित लंगडल्यासारखा वाटतो. मी तसे म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "हो, लंगडतो. तसाच लिही."

अखेर त्यांना माझ्या कामाचे मोल कळले आहे.

१८ एप्रिल, मंगळवार

प्रोफेसरांनी आस्थेने चौकशी केली, पुढे काही लिहिले का. मी आठ आवर्तनांची सुवाच्य प्रत करून दिली. त्यांचे काही विद्यार्थी हे ठेके हाताने वाजवून पाहतात, असे ते म्हणाले. शरद ऋतूत त्यांचा निबंध छापला जाणार आहे आणि ऋणनिर्देशात माझे नाव असेल.

मामांना ते छापील पान दाखवीन, तेव्हा सगळे एकदमच सांगेन.

७ मे, रविवार

सगळे क्रमाने लिहायला हवे.

मामा आज एका बारशाला ब्रुकलिनला गेले होते. सकाळी अकराला चागो दारात उभा राहिला. वाद्यवृंदातली टिंबाल ही धातूच्या अंगाची जोडवाद्ये तो वाजवतो. पोर्तो रिकोचा आहे. त्याच्या तोंडाला कुलूप नसते.

"काय गं, लायब्ररी! रादामेसने बोलावलंय. म्हातारा सांगत फिरतोय, भाची तयार केलीय म्हणून. आम्हालाही दाखव की, लग्नाआधी नवरी."

मामांची वाट पाहावी असे मला वाटले. मग असे वाटले, की त्यांना न सांगता जावे आणि खुर्ची मिळवूनच घरी यावे.

तळघरात सात पुरुष होते. रादामेस उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतः मला खुर्ची दिली. "खारा वारा" सुरू झाले. माझे हात चालत होते. मी वाचत नव्हते, वाजवत होते. हे मला जाणवत होते आणि तो आनंद लिहून दाखवता येण्यासारखा नाही. सगळी वाद्ये थांबली. चागो तेवढा क्लावेच्या दोन काठ्यांवर पाच ठोके धरून राहिला: तीन या अंगाला, दोन त्या अंगाला. आमचे सारे संगीत त्या पाच ठोक्यांवर उभे असते. पाच आवर्तने झाली. सहावे आले आणि माझी थाप चागोच्या ठोक्याला आडवी गेली. ताल उलटा झाला. मी सावरले नाही, कारण मी चुकलेच नव्हते. लिहिले होते तसेच वाजवत होते.

चागोने काठ्या खाली ठेवल्या. कुणी तरी हसले. मग सगळेच हसले.

"पुन्हा घेऊ," रादामेस म्हणाले. पुन्हा घेतले. पुन्हा तिथेच.

"थांबा, थांबा," चागो म्हणाला. त्याचे हसू थांबले होते. "रादामेस, ऐकलंस का? हिचं चुकत नाहीये. दोन्ही वेळा केसभर इकडे नाही की तिकडे नाही. अगं बाई, म्हाताऱ्याने तुला खिळा ठोकलाय!"

मला समजले नाही. रादामेस यांनी खाली पाहिले. शेवटी चागोनेच सांगितले. धक्क्यावरच्या जुन्या वादकांची ही रीत आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला "शिकवणार नाही" असे म्हणायचे नाही. सगळे शिकवायचे, प्रेमाने शिकवायचे, फक्त एक थाप जागेवरून हलवायची. तिला खिळा म्हणतात. मग ते वादन जगात कुठेही गेले, तरी जाणत्या माणसाला त्या खिळ्यावरून कळते, की हे कुणाकडून आले आणि ज्याला दिले तो आपला नव्हता.

"चोरांना ठोकतात खिळा," चागो म्हणाला. "घरच्या पोरीला ठोकलेला मी पहिल्यांदाच बघतोय."

मी निघाले, तेव्हा तो जिन्यापर्यंत आला आणि कठड्यावर एकदा, अगदी हलक्या हाताने, सहावे आवर्तन वाजवून दाखवले. थाप चागोच्या दुसऱ्या ठोक्याच्या आधी पडते, नंतर नव्हे. "मी दाखवलं म्हणून सांगू नकोस," तो म्हणाला.

८ मे, सोमवार

"तुम्ही मला मुद्दाम चुकीचं शिकवलंत," मी म्हणाले.

"हो," मामा म्हणाले.

ते नाकारतील अशी माझी कल्पना होती आणि त्यापुढचे सगळे मी मनात जुळवून ठेवले होते. त्या एका शब्दाने ते निरुपयोगी झाले.

"तुझी वही किती जणांनी बघितली?" त्यांनी विचारले.

"हा प्रश्न वेगळा आहे."

"हाच प्रश्न आहे, पोरी. दुसरा मी विचारलेलाच नाही."

आई मध्ये पडली. "अरे, सात पुरुषांच्या समोर तिला तोंडघशी पाडलंस आणि वर तिलाच विचारतोस?"

"तिला तिथं जायला मी सांगितलं होतं? रादामेसने परस्पर बोलावलं. तिला तालमीला नेण्याआधी मी तो खिळा काढणार होतो."

"कधी?"

"मला उत्तर मिळालं की," मामा म्हणाले आणि उठून गेले.

"काढणार होतो" असे आता कुणीही म्हणू शकतो.

११ मे, गुरुवार

झोप नाही, भूक नाही. ज्या माणसाने माझी नऊ वर्षांची बोटे स्वतःच्या तळहातावर ठेवून मला पहिली थाप शिकवली, त्याने चार रविवार माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यांत पाहून, हसऱ्या तोंडाने मला खोटे दिले. मी त्यांच्या हातांवर विश्वास ठेवून लिहीत होते. हात खोटे बोलतात हे मला माहीत नव्हते. परक्याने फसवले असते, तर मी त्याला नाव ठेवून मोकळी झाले असते. इथे कुणाला नाव ठेवू?

माझा अपराध काय, हे मी शोधून पाहिले. एका विद्वानाला दोन दिवस वही वाचायला दिली, एवढाच. त्याची ही शिक्षा?

१६ मे, मंगळवार

गेले काही दिवस एक विचार मला स्वस्थ बसू देत नव्हता. प्रोफेसरांकडे गेलेल्या प्रतीत सहावे आवर्तन चुकीचे आहे, आणि ते माझ्या अक्षरात आहे. निबंध छापला गेला, तर ती चूक कायमची माझ्या नावावर राहील. ज्यांनी ती पेरली त्यांचे नाव कुठेच येणार नाही.

आज मी आठही आवर्तने नव्याने लिहिली, थाप तिच्या योग्य जागी ठेवून. सोबत चार ओळींचे पत्र जोडले: "पूर्वीच्या प्रतीत एक दोष राहिला होता. कृपया ही प्रत ग्राह्य धरावी." सकाळी टपालपेटीत टाकले.

यात सूड नाही. छापील मजकुरात चूक राहू नये, एवढाच माझा हेतू आहे.

१८ मे, गुरुवार

आज दुपारी मामा ग्रंथालयात आले. त्या इमारतीत त्यांनी आयुष्यात पाऊल ठेवले नव्हते. कोट घातला होता. टोपी काढून छातीशी धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी त्यांना बसवले.

"इथं हळू बोलायचं ना?" त्यांनी विचारले.

"हो, मामा."

"बरं आहे. मला ओरडायचं होतं, आता ओरडता येणार नाही." ते थोडे हसले. "रविवारी पार्कात तो सोनेरी पोरगा पुन्हा आला होता. आठ आवर्तनं वाजवली त्याने. सहाव्यात माझा खिळा, जसाच्या तसा. चागो तर हसून हसून बाकावरून पडला."

मी टेबलावरची पुस्तके नीट रचू लागले.

"म्हणजे वही दिलीस तू. एकदा नाही, दोनदा. आणि मला म्हणालीस, कुणीच नाही. मी रागावलो, नेरे. तुझ्या आईला विचार, चार दिवस तिच्याशीही बोललो नाही. मग वाटलं, ही पोरगी पहिल्यापासून अशीच. वही दिसली की हिला मास्तर दिसतो. पहिला नंबर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. हिच्यात कपट नाही, नुसता गृहपाठ आहे."

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली.

"आणि बघ, काहीच गेलं नाही आपलं. त्यांच्याकडे आहे ते खिळा ठोकलेलं. छापू देत. जाणता माणूस बघेल आणि हसेल. बिनखिळ्याचं अजून माझ्याकडेच आहे, आणि माझी बोटं तर ही अशी. मी कुणाला देणार? चागोला? तो तर अंड्याची भुर्जी करेल त्याची."

मग त्यांनी वाकडी बोटे टेबलाच्या कडेवर ठेवली आणि आठही आवर्तने वाजवली. इतकी हलकी, की पलीकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी मानही वर केली नाही. सहाव्यात थाप दुसऱ्या ठोक्याच्या आधी पडली. ती तिथे पडते हे मला ठाऊक होते. परवा सकाळी टपालपेटीत पडलेल्या कागदावरही ती तिथेच होती.

"आता हे माझं नाही," मामा म्हणाले. "तू वाजवायचं, मी ऐकायचं. फक्त एक वचन दे. हे कागदावर उतरवायचं नाही."

"नाही उतरवणार," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग बाहेर जाताना दारातल्या शिपायाला, अजिबात हळू न बोलता, "माझी भाची आहे ती!" असे सांगून गेले.

आज दुपारपासून पुढे मी ते कागदावर उतरवणार नाही, असे वचन मी दिले आहे, आणि आज दुपारपासून ते मोडलेले नाही.

१९ मे, शुक्रवार

पोस्टात गेले. मंगळवारची पत्रे मंगळवारीच गेली.

प्रोफेसरांना टेलिफोन करता आला असता. पण टेलिफोन मुख्य ग्रंथपालांच्या खोलीत आहे आणि त्या दिवसभर तिथेच बसून होत्या.

एक गोष्ट विसरता कामा नये: आधी फसवले ते मामांनी. हे नक्की करण्यासाठी मी या दैनंदिनीची पाने मागे चाळली. वही दिली ती चौदा मार्चला. "कुणीच नाही" असे मी म्हणाले ते दोन एप्रिलला. खिळा नऊ एप्रिलचा. मी तारखा दोनदा तपासल्या.

२४ मे, बुधवार

प्रोफेसरांचे उत्तर आले. सुधारित प्रतीबद्दल ते अत्यंत आभारी आहेत. पूर्वीचे रूप विद्यार्थ्यांनाही कुठेतरी खटकत होतेच. आता ते योग्य रूपाचा सराव करत आहेत.

५ जून, सोमवार

काल तालमीत "खारा वारा" तीनदा घेतले. तीनदा बरोबर आले. रादामेस यांनी पियानोवरूनच मान डोलावली आणि खुर्ची माझी झाली. मामा ऐकायला येणार होते, पण आले नाहीत.

आज चागो पुस्तक परत करण्याच्या निमित्ताने आला. त्याने कधीच पुस्तक नेलेले नाही.

"म्हाताऱ्याची तब्येत बरी आहे ना गं? काल तालमीला येता येता पार्कात थांबला, आणि मध्येच उठला, काही न बोलता. पोटात कळ आल्यासारखा."

"कोण कोण आलं होतं?" मी विचारले.

"नेहमीचेच. तो सोनेरी पोरगाही होता." चागोने माझ्याकडे पाहिले. त्याने नेहमीसारखी थट्टा केली नाही. "लायब्ररी, मी तुला जिन्यात दाखवलं होतं ते..."

तेवढ्यात एक बाई पुस्तक घेऊन समोर आल्या. मी त्यांच्याकडे वळले. पोरगा काय वाजवत होता, हे मी विचारले नाही.

घरी मामा नेहमीसारखेच बोलले. कॉफी प्यायले. आईच्या नव्या पडद्यांना नावे ठेवली.

१० जून, शनिवार

ध्वनिमुद्रण झाले. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत. "खारा वारा" दुसऱ्या वेळीच जमले. रादामेस यांनी सर्वांसमोर माझ्या दोन्ही हातांचे चुंबन घेतले आणि म्हणाले, "एलादिओ, खुर्ची घरातच राहिली बरं का!"

मामा काचेपलीकडे बाकावर बसले होते. त्यांनी मान हलवली. माझी आठ आवर्तने सुरू झाली तेव्हा ते पुढे वाकले नाहीत, डोळे मिटले नाहीत, आणि पावलाने तालही धरला नाही. कोट घालून, दोन्ही हात खिशात घालून, सहा तास ते तसेच बसून होते. जेवणाच्या वेळी आईने डबा पुढे केला, तेव्हा नंतर खाईन म्हणाले. बाहेर पडताना मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी कोपर पुढे केले.

खोलीत पंखा नव्हता आणि सगळे घामाने निथळत होते. मामांचे सांधे दुखत असावेत.